वळणापलीकडचा थांबा

ट्रामआप्पांना मुंबईच्या गाडीची वेळ तोंडपाठ होती, आणि तरी ते ती मला विचारायला यायचे. नंदुरबार स्टेशनात तिकिटांच्या खिडकीमागे मी बसायचो. मिरचीच्या दिवसांत आप्पा रनाळ्याहून गाडी भरून आणत, बाजारात माल उतरवत, बैलांपुढे चारा टाकत आणि पायी स्टेशन गाठत. खिडकीशी वाकून विचारत, "मुंबईनी गाडी कव्हय शे, मास्तर?" मी वेळ सांगायचो. सुरतेला गाडी बदलावी लागेल, हेही सांगायचो. ते "बरं," म्हणत आणि बैलांकडे परत जात. पहिल्या खेपेला मी तिकीट काढायला हातसुद्धा पुढे केला होता. तिसऱ्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, जायचं नाही तर विचारता कशाला? माझी करमणूक म्हणून?" तर शांतपणे म्हणाले, "गाडी शे ना अजून, तेवढं दखाले येस." गाडी अजून आहे, एवढं बघायला हा माणूस माझ्या दारी येत होता!

रनाळ्यात त्यांना ट्रामआप्पा म्हणत ते थट्टेने. गावात ट्राम कुणी पाहिली होती? पण आप्पांनी मुंबईत बारा वर्षं ट्रामचे मार्ग आखणाऱ्या कचेरीत नकाशे काढले होते. कुठून रूळ न्यायचे, कुठे वळवायचे, कुठे थांबा द्यायचा, हे साहेब ठरवत आणि कागदावर आप्पा उतरवत. पण नुसते उतरवत बसले तर ते आप्पा कसले! नवा थांबा आखायचा असला की हे रविवारी खांद्यावर पाच शेर पिठाची पिशवी टाकून ती वाट चालून यायचे. मला म्हणाले होते, "साहेब मोकळ्या हातानं चालतो, मास्तर. माणसं मोकळ्या हातानं चालत नाहीत. कुणाच्या कडेवर पोर असतं, कुणाच्या डोक्यावर भाजी." माझ्याशी ते असं कचेरीतलं मराठी बोलत, आणि मन भरून आलं की अहिराणीवर येत.

एका वळणापायी त्यांचं आणि साहेबाचं बिनसलं होतं. परळच्या बाजूला एका बाळंतिणींच्या दवाखान्यासमोर रूळ वळत होते. थांबा वळणाच्या अलीकडे. उतरलेल्या बाईला पोर घेऊन दोन्ही रूळ ओलांडावे लागत, आणि पलीकडून येणारी ट्राम भिंतीआड असायची. आप्पांनी नकाशात थांबा वळणाच्या पलीकडे, दवाखान्याच्या फाटकाच्या बाजूला नेऊन ठेवला. साहेब म्हणाला, तिथे चढ आहे, गाडी थांबवून पुन्हा काढायला वीज जास्त लागते. आप्पांनी पिठाची पिशवी साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही घ्या आणि एकदा रूळ ओलांडून दाखवा." पीठ सांडलं, साहेब भडकला, पण नकाशा फाडला मात्र नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. त्या पुढच्या वर्षासाठी आप्पा जीव टांगून बसले होते.

ते वर्ष यायच्या आत रनाळ्याहून तार गेली. थोरला भाऊ गेला होता. पंधरा दिवसांची रजा घेऊन आप्पा आले. इकडे खानदेशात बाराव्या-तेराव्याला गंधमुक्ती, म्हणजे सुतक सुटण्याचा विधी असतो, आणि त्या दिवशी घरच्या कर्त्याच्या डोक्याला पागोटं बांधतात. भावाचा मुलगा सुपडू चार वर्षांचा. एवढ्याशा पोराला पागोटं कसं पेलणार? सुपडूच्या मामांनी कापड उघडलं आणि आप्पांना पुढे बोलावलं. आप्पांना वाटलं, दुखवट्याचं कापड आहे, घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं. त्यांनी मान खाली घातली. बारा वर्षं शहरात राहून माणूस एवढं विसरला होता की ज्याच्या डोक्याला पागोटं त्याच्या गळ्यात घर! मान वर केली तेव्हा सगळं गाव त्यांच्या पाया पडत होतं आणि वहिनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोर ठेवून आत निघून गेली होती. "तव्हयच काढी फेकतू तं?" मी एकदा विचारलं, म्हणजे त्यांच्याच भाषेत विचारून पाहिलं. आप्पा हसले. "भरल्या पंगतीत? वहिनी दाराआड उभी होती, मास्तर." मग हिशोब असा ठरला, की सुपडू अठरा वर्षांचा झाला की पागोटं त्याच्या डोक्यावर आणि आप्पा गाडीत.

चौदा वर्षं! मी स्वतः घाटावरचा. बदलीचे अर्ज करून करून माझी बोटं झिजली, आणि मला ही खिडकी सुटेना. तेव्हा त्या चौदा वर्षांचं वजन मला कुणी सांगायला नको. आप्पांनी लग्न केलं नाही. "अजून एक बेडी कशाला?" म्हणायचे. पाऊस कमी पडला की थांबले, पाऊस जास्त पडला की थांबले. वहिनीचं दुखणं, विहिरीचं काम, वाटणीचं भांडण, काही ना काही निघायचंच. वर गावाची बोलणी वेगळी. "काय आप्पा, ट्राम चुकनी का?" असं पारावरून कुणीही विचारायचं.

पण खोड जित्याची! रनाळ्याच्या शिवेवर एक निंब होता. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बाया नंदुरबारला पायपीट करत आणि शेजारून रिकाम्या गाड्या निघून जात. आप्पांनी निंबाला पाटी ठोकली: थांबा. उन्हं पाटलाच्या भिंतीवर आली की प्रत्येक गाडीने तिथे घटकाभर थांबायचं आणि जागा असेल तितकी माणसं घ्यायची. गाडीवाले पोट धरून हसले. मग आप्पांनी काय करावं? निंबाखाली रोज मूठमूठ सरकी ठेवायला लागले. आठ दिवसांत बैल आपण होऊन थांबू लागले, धनी वर बसून शिव्या देत राहिले आणि बाया निवांत चढू लागल्या. पुढे सरकी बंद झाली तरी बैलांनी थांबायचं सोडलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर ते परळच्या त्या मार्गाचा नकाशा उघडत. रजेवर येताना त्याची एक नक्कल बरोबर आणली होती. घड्यांवर ती फाटली की नवी काढत. सुपडू समोर बसून दौत धरायचा, मग रेघा मारू लागला, मग आप्पांपेक्षा सरळ मारू लागला. मुंबई न पाहिलेल्या त्या पोराला तिथला नाका न् नाका पाठ होता. वहिनीला ते आवडायचं नाही. "याले कशाले नादी लावतस? याले शेती करनी शे," म्हणायची. आप्पा म्हणत, शेतीलाही सरळ रेघ लागते.

सुपडूला अठरा पूर्ण झाली, आणि त्याच सुमारास मुंबईहून आप्पांच्या जुन्या सोबत्याचं पत्र आलं. ट्रामच्या जोडीला आता बसगाड्या वाढत होत्या, मार्ग नव्याने आखायचे होते, जुना साहेब विलायतेला परत गेला होता. कचेरीत नकाशे काढणारा हवा आहे, लगेच या. आप्पा ते पत्र घेऊन खिडकीशी आले आणि वेळ न विचारता म्हणाले, "एक द्या." माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "परतीचं?" "नही." मी तिकिटावर ठसा मारला, आणि सुरतेला बदलायचं हे सांगायचंच विसरलो.

जायच्या दिवशी सुपडू त्यांना पोचवायला आला. वहिनी घरीच राहिली होती. गाडी फलाटाला लागली. मी खिडकी सोडून बाहेर आलो होतो, नोकरी गेली खड्ड्यात! आप्पांनी डोक्यावरचं पागोटं उचललं. चौदा वर्षांत त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. सुपडूने मुकाट्याने मान खाली घातली. आप्पा पागोटं घेऊन पुढे झाले, आणि तो खालमानेनेच बोलला, "काका, त्या वळणवर आते गाडी कोठे थांबस, तेवढं मले लिखी धाडा."

आप्पांचे हात तिथेच थांबले. त्यांनी त्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. मला वाटलं, आता गार्ड शिट्टी देईल आणि हा माणूस असाच उभा राहील. मग त्यांनी पागोटं पुन्हा स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, नीट दाबून बसवलं. माझ्या कानावरची पेन्सिल ओढून त्या पत्राच्या मागे लिहिलं: "मीच येत आहे असे समजावे. याची रेघ माझ्यापेक्षा सरळ आहे." पत्र, तिकीट, नकाशाची नळी आणि आपलं गाठोडं, सगळं सुपडूच्या हातात कोंबलं. पोरगा "काका, माय काय म्हनी?" म्हणत राहिला. आप्पांनी त्याला दंडाला धरून डब्यात चढवलं. "मायले मी सांगसू. तू जाय. तूच दखीसन मले लिख."

गाडी गेली. मी आप्पांना काय काय बोललो! वेडे आहात, करंटे आहात, चौदा वर्षं मातीत घातलीत. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्यानं मान खाली घातली तेव्हा मला माझीच मान दिसली, मास्तर. मला कुणी विचारलं नव्हतं." आणि बैल ताटकळले असतील म्हणून निघून गेले. वहिनी त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर तीन वर्षं, दर मिरचीच्या हंगामात, तोच माणूस, तीच खिडकी, तोच प्रश्न. मी वेळ सांगायचो आणि मला रडू यायचं. चौथ्या वर्षी ते आले ते हातात एक कार्ड घेऊन. माझ्यापुढे सरकवलं. सुपडूच्या सरळ अक्षरात दोनच ओळी होत्या. थांबा वळणाच्या पलीकडे, फाटकाच्या बाजूला आला आहे. पाच शेर पीठ घेऊन स्वतः उतरून पाहिलं, रूळ ओलांडावे लागत नाहीत.

मी दोनदा वाचलं. आप्पांनी कार्ड परत घेतलं, पागोट्याच्या घडीत खोचलं आणि वळून चालू लागले. गाडीची वेळ त्यांनी विचारली नाही. मला ते सहन होईना. खिडकीतून डोकं काढून मीच ओरडून वेळ सांगितली, सुरतेला बदलायची हेही सांगितलं. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि बैलांकडे गेले.