फिट बसली तर आलुबोंडा

आमच्या मोहाडीच्या स्पोकन इंग्लिश क्लासात इंग्रजी किती आलं ते सोडा, किस्से मात्र पोत्यानं जमले! कुणाला एक सांगायला घ्यावा, तर मागून बाकीचे आपोआप बाहेर पडतात.

क्लास सायकलच्या दुकानावरच्या माडीत. वंजारी सर सोडले तर बाकी सगळे माझ्यासारखे, केस पिकलेले. सरांचा नियम असा की, शनिवारी प्रत्येकानं आठवड्यात घडलेली खरी गोष्ट सांगायची आणि तिला नेमकी इंग्रजी इडियम लावायची. सर ‘फिट’ म्हणाले तर बाकीच्यांनी त्याला आलुबोंडा खाऊ घालायचा. ‘अनफिट’ म्हणाले तर त्यानं सगळ्यांना. मग काय, आमचा आठवडा इडियमला प्रसंग शोधण्यातच जायचा.

तहसीलमधले कापगते बाबू ‘कॉल इट अ डे’ शिकले. म्हणजे आजच्यापुरतं पुरे, आता घरी चला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी ती साहेबांवर टाकली. साहेबांना फारच आवडली. आता साहेबच रोज चार वाजता ती म्हणतात आणि उठून जातात. उरलेलं काम कापगते करतात!

गायधने भाऊ धानवाले. इंग्रजांना धान माहीतच नाही, म्हणून त्यांचा इडियमवर राग. एका शनिवारी मात्र धापा टाकत, हसत आले. बायकोच्या नाकातली सोन्याची फुली तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगात पडली होती. ‘नीडल इन अ हेस्टॅक’, गवताच्या गंजीतली सुई! सर लगेच ‘फिट’ म्हणाले. आलुबोंडा अर्धा संपल्यावर मी विचारलं, फुली सापडली का?

“बायको शोधून राहिली ना,” भाऊ म्हणाले.

खुद्द सरही सुटले नाहीत. तुमसरला मुलगी पाहायला गेले आणि ऐटीत मुलीच्या वडिलांना म्हणाले, ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’, म्हणजे आता निर्णय तुमचा. त्यावर मुलगीच बोलली, “होल्ड युअर हॉर्सेस, सर.” म्हणजे जरा दमानं घ्या. त्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून ‘फिट’ दिलं, मुलीला! आलुबोंडे सरांकडून. सर अजून दमानंच घेत आहेत.

पण इंग्रजीची खरी नड होती ती एकट्या रामटेके काकूंना. काकू दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. मुलगा कोचीला नोकरीला, लग्नही तिकडंच झालेलं. सून अंजू मल्याळी. तिला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. ती पहिल्यांदाच घरी येणार होती आणि काकू ज्याला त्याला एकच विचारायच्या.

“पोरगी पाहुणी म्हणून आली अन् पाहुणीच राहून चालली गेली, तं मी काय करू?”

आलुबोंडा विसरून आम्ही सगळे कामाला लागलो. शेवटी एक सापडली. ‘मेक युअरसेल्फ ॲट होम’, हे घर आपलंच समज. काकू वरण ढवळताना तेच पुटपुटायच्या, बाजारात वांगी निवडतानाही तेच.

नंतरच्या शनिवारी काकू उशिरा आल्या आणि खाली मान घालून सांगू लागल्या. अंजू आली तेव्हा दारात गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका सून पाहायला जमलेल्या. लांबच्या प्रवासानं पोरगी उभ्या उभ्या पेंगत होती, त्यात अंगावर जड साडी. काकूंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं साफ उडालं. तोंडातून निघाली ती कापगत्यांची!

‘लेट्स कॉल इट अ डे!’

अंजूनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, खुदकन हसली, गळ्यात पडली आणि सरळ आत जाऊन झोपली. बायका सुनेचं तोंडही धड न पाहता फुरंगटून परत गेल्या.

“अन् सकाळी?” मी भीत भीत विचारलं.

“सकाळी अंथरुणातूनच आवाज आला. अम्मा, चाय!”

कापगत्यांनी सरांना विचारलं, फिट की अनफिट? सरांनी फळ्यावर ‘फिट’ लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

काकू तोवर दारात चपला घालत होत्या.

“तुमी ठरवत बसा, मी चालली. पोरगी दुपारची झोपून उठली असन. तिले चाय लागते.”