कुंडलिकरावांच्या मांडीवरचा इलेक्ट्रॉन

मालनबाईंनी केतनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो वाकोल्याला त्यांच्या भावाच्या दारात वाकून स्वतःच्या चपला भिंतीला समांतर लावत होता. पायाने नव्हे, हाताने. जन्मभर शाळेत मुलं पाहिलेल्या मालनबाईंना वाटलं, हा मुलगा कुणाला फसवणार नाही. पण बोलायला लागला की पंचाईत करणार.

आतल्या खोलीत भाची संघमित्रा त्यांच्या कानाशी लागली होती. "आत्या, भेटलेय मी त्याला बाहेर. मला पसंत आहे. बाबांना तेवढं तू सांभाळ गं."

बाबा म्हणजे कुंडलिकराव. जगात त्यांचा एकच शत्रू, मिरवणुकीतला डीजे. मागच्या जयंतीला डीजेच्या गाडीवरच्या हिरव्या लेझरने त्यांचे डोळे कितीतरी दिवस चुरचुरत होते.

"काय काम करता?" पोहे संपवून त्यांनी विचारलं.

"लेझरवर, काका."

कुंडलिकरावांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे डीजेवाले!"

"नाही नाही, प्रयोगशाळेत. ट्रॉम्बेच्या बाजूला. आम्ही रेणूवर लेझर मारतो. मग त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात."

"त्या रेणूने तुमचं काय घोडं मारलंय?"

दाराआड संघमित्राने कपाळाला हात लावला. मालनबाई घाईघाईने म्हणाल्या, "केतन, वर्गात समजावतात तसं सांगा बघू."

चूक झाली ती इथे. केतनचा चेहरा एकदम उजळला. त्याने समोरच्या ट्रेमध्ये दोन वाट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. एकीत गुलाबजाम होता, दुसरी रिकामी.

"हे दोन अणू, मिळून एक रेणू. गुलाबजाम हा इलेक्ट्रॉन. निवांत बसलाय. लेझर आला की सगळी जमीनच कलते. इकडे, मग तिकडे, सेकंदाला कोटी कोटी वेळा." ट्रे हलू लागला. "लेझर साधा असेल तर हा नुसता डुलतो. पण जबरदस्त असेल तर..."

ट्रे कलला, गुलाबजाम वरच्या बाजूच्या वाटीतून निघाला, खालच्या बाजूची वाटी ओलांडून पाकासकट कुंडलिकरावांच्या पांढऱ्या पँटवर उतरला.

"...तर असा सुटतो," केतनने वाक्य पूर्ण केलं.

संघमित्राची आई, राधावहिनी, ओलं फडकं घेऊन धावल्या. "अहो, हलू नका, डाग पसरेल!"

कुंडलिकराव मांडीकडे बघत होते. "आता वाट्यांचं काय?"

"त्या एकमेकींना ढकलून देतात, काका. धरून ठेवणारा हाच होता ना."

"हं. तुमच्या लेझरचा आवाज किती?"

"हवा काढणाऱ्या पंपाचा थोडा होतो."

"रस्त्यावर काढता?"

"छे! टेबलावर नुसता धक्का लागला तरी महिन्याचं काम वाया."

"आणि डोळे?"

"चष्मा लावल्याशिवाय आम्ही कुणाला आत घेत नाही."

"आमच्या मंडळाच्या पोरांना हे सांगायला या एकदा," कुंडलिकराव म्हणाले आणि दाराकडे वळले. "तुझं काय गं? लपून काय ऐकतेस?"

"पसंत आहे, बाबा. कधीची हसू दाबतेय."

"मग हस की! माझी पँट तर गेलीच."

केतन आणि संघमित्रा आता बोरीवलीत भाड्याच्या घरात राहतात. ती नोकरी करते ती बँक जवळ पडते म्हणून. ट्रॉम्बेला पोचायला केतनला दोन तास लागतात.