चाचांचं सरकार

टपालानं सरकारी पुस्तकांचं पार्सल आलं की चाचा उठून उभे राहायचे. टोपी सारखी करायचे, सुतळी कापायच्या आधी पार्सलावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "या सरकार. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

मी पंचविशीचा, जव्हारच्या कॉलेजात नुकता लागलेला ग्रंथपाल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. तसं काही नव्हतं. राजपत्रं, जनगणनेचे अहवाल, जंगलाचे, पाटबंधाऱ्यांचे, ज्याच्यावर म्हणून सरकारी शिक्का ते सगळं चाचांच्या लेखी सरकार. विद्यापीठाकडून अशा पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. त्यांच्यासाठी मागची एक खोली होती आणि त्या खोलीत चाचा होते. छत गळलं की सकाळी मला निरोप यायचा, "साहेब, सरकार भिजले."

मूळचे ते बाइंडर. बाजारात वडिलांच्या वेळचं दुकान. शाळेच्या वह्या, कुराणं, पोथ्या, सगळं एकाच दाबयंत्राखालून जायचं. प्राचार्यांनी त्यांना फाटकी पुस्तकं शिवायला बोलावलं आणि मग जाऊच दिलं नाही. चाचांना वाचता यायचं ते फक्त उर्दू. मराठी बोलायचे झकास, पण मराठी अक्षर म्हणजे त्यांना नुसती नक्षी. तरी कुठलाही खंड मागा, मिनिटात हातात. "तुम्ही नावानं ओळखता साहेब, मी पाठीनं ओळखतो," म्हणायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्यापुढे आपली पदवी जरा लाजते.

एकदा विद्यापीठाची समिती पाहणीला आली. दिवस असे होते की सरकारविषयी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, "सरकारी विभागाची स्थिती कशी आहे?" चाचांनी अदबीनं सांगितलं, "सरकारला वाळवी लागलीय साहेब. पण मी आतून घट्ट शिवलंय." एक सदस्य खोकत बाहेर गेले ते चहालाच परत आले. प्राचार्य खिडकीतून डोंगर बघत राहिले. आपलं काय चुकलं हे चाचांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मला सांगायचंय ते पोशेऱ्याच्या माणसाचं.

पावसाळा नुकता सरला होता. राजपत्राचा एक जुना जाड खंड छताच्या गळतीत पार भिजला होता. चाचांनी त्याची शिवण सोडली आणि पान न् पान मैदानात वाळत घातलं, प्रत्येकावर एक खडा. शे-दीडशे पानं उन्हात पडलेली. तेवढ्यात मोखाड्याकडच्या गाडीनं एक म्हातारा उतरला. पोशेऱ्याजवळच्या वाडीतला. त्यांची वाडी जंगलाच्या हद्दीत येते, नागली लावायची ती उतारावरची वरकस जमीन सोडा, असा हुकूम आला होता. फार वर्षांपूर्वी वाडी जंगलातून वगळल्याचं राजपत्रात छापून आलंय, असं त्याचा बाप सांगायचा. कचेरीत तो अंक सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती.

मी वर्ष विचारलं, नोंदवही उघडली आणि खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. तो अंक बरोबर त्याच खंडात होता.

"सरकार बाहेर उन्हात पडलेत," चाचा म्हाताऱ्याला म्हणाले. "तुम्ही त्या आंब्याखाली बसा. मी येईपर्यंत हलू नका."

आणि वारा आला. जव्हारच्या पठारावर वारा येतो तो सांगून येत नाही. खडे राहिले खाली, पानं उठली वर. "साहेब, सरकार चाललं," असं म्हणून चाचा ज्या वेगानं धावले तो त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता. मागून मी, माझ्यामागून शिपाई, मग अर्थशास्त्राचा सबंध वर्ग, प्राध्यापकांसकट. इंग्रजीच्या बाई पदर खोचून कुंपणावर चढल्या. प्राचार्य व्हरांड्यातून "डावीकडे, डावीकडे" करत होते आणि पानं उजवीकडे जात होती. हसून हसून मुलींच्या हातातली पानं पुन्हा सुटत होती. चाचा तेवढे हसत नव्हते. ते पानांच्या मागे "सरकार, ऐका माझं," असं म्हणत पळत होते.

तासाभरानं पानांचा ढीग खोलीत आला. ओलीनं पानांचे कोपरे झडले होते, आकडे गेले होते. कुठलं पान कुठल्या हुकमाचं, काहीच कळेना. चाचांनी एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. त्याच्यात वाळवीनं पाडलेलं एक भोक होतं.

"ही आरपार गेली होती," ते म्हणाले. "पहिल्या पानात भोक मोठं, शेवटी बारीक. हिनंच नंबर घातलेत बघा."

आणि खरोखर, भोकाला भोक लावत त्यांनी खंड रचायला घेतला. मी ओळी जुळतात का ते वाचून बघत होतो. एकदाही चुकले नाहीत. गावांची यादी सुरू झाली तसा मी उठून उभाच राहिलो. मोखाड्याची पहिली काही गावं आली आणि पुढचं पान लागेना.

"इथं भोक एकदम बारीक झालं," चाचा म्हणाले. "मधलं एक सरकार कमी आहे."

ढीग पुन्हा उलटला. कपाटामागे पाहिलं, मुलांना पुन्हा कुंपणापलीकडे पिटाळलं. कुठंच नाही. चाचांचा चेहरा उतरला. आता त्या माणसाला सांगायचं कसं म्हणून आम्ही दोघं बाहेर आलो. तो आंब्याखाली तसाच मांडी घालून बसलेला.

"चाचा, उठू का आता?" त्यानं विचारलं. "पाय मेला पार. एक कागद आला उडत, तो खाली दाबून ठेवलाय. तुम्ही हलू नको बोलला, मी काय हाललो नाय."

खोटं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं असतं. पण ते तेच पान होतं. चाचा तिथंच मातीत बसले आणि मग जे हसायला लागले, ते डोळे पुसेपर्यंत. म्हातारा बिचारा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

संध्याकाळपर्यंत चाचांनी खंड कच्चा शिवला. सकाळी तो धुतलेल्या चादरीत गुंडाळून आम्ही तिघं प्रांत कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "ठेवून जा, बघतो." चाचा म्हणाले, "सरकार एकटं राहत नाही," आणि खंड छातीशी धरून उभे राहिले. शेवटी प्रांतसाहेबांनीच आत बोलावलं. त्यांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वाडीचं नाव होतं.

"इथं हाय आमची वाडी?" म्हाताऱ्यानं विचारलं. मग साहेबांच्या बोटाशेजारी त्यानं आपलं बोट टेकवलं. ते कितीतरी वेळ उचललं नाही.

"जास्त दाबू नका," चाचा हळूच म्हणाले. "अजून ओलं आहे."

साहेबांनी तिथल्या तिथं नक्कल टाइप करून घेतली. वाडी राहिली. नागली झाली तशी म्हाताऱ्यानं एक पिशवी आणून दिली. चाचांनी तिच्या भाकऱ्या सबंध कॉलेजला खाऊ घातल्या, प्राचार्यांनाही.

पुढे चाचांचे डोळे गेले. ते घरी बसले आणि एका हिवाळ्यात शांतपणे गेले. त्यांच्या जागी शिकलेला माणूस आला. त्यानं सगळी कार्डं नीट लावली, मीही त्याला नावं ठेवणार नाही.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास जनगणनेचा एक खंड मोडला. पुठ्ठा गळून पडला, आणि पुस्तकाच्या पाठीच्या आत चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं दिसलं. मी तो उर्दू शाळेच्या मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं:

"शेवटचा भाग कच्चा शिवलाय. दोरा संपला होता. पुढच्या बाइंडरनं माफ करावं."

मी खंड टेबलावर ठेवून पाहिला. पाठ गेली होती, बाकीची शिवण जागोजाग उसवली होती. शेवटचा भाग तेवढा अजून घट्ट होता.