दादाच्या शटरचं दुसरं टोक

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस. आपल्या गोष्टीतला जुळारी खिळे बरे जुळवायचा, माणसांशी मात्र त्याचं जुळायचं नाही. हे सांगायला बायकोची गरज नव्हती, तरी ती सांगायची. तो स्वतःच म्हणायचा, की खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तीस वर्षं तेच वाचून आपलं डोकंही उलटंच बसलंय.

त्याचा थोरला भाऊ चष्मेवाला. वडिलांच्या पश्चात त्यांची जागा थोरल्याकडे आली, तिथं दादानं चष्म्यांचं दुकान थाटलं आणि उद्घाटनाची पत्रिका छापायला धाकट्याकडे दिली. घरचा माणूस म्हणून. झालं काय, की त्याच सकाळी जुळाऱ्यानं एका शाळेची सूचना जुळवली होती: ‘अनुपस्थिती खपवून घेतली जाणार नाही.’ पत्रिकेच्या शेवटी हवं होतं, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ आता हाताशी अर्धा शब्द तयार असताना पुन्हा सगळा कोण जुळवत बसणार? अनु काढायचा, उ लावायचा, की काम फत्ते. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन झाला, अनु काढायचा राहिला.

दोनशे पत्रिका गेल्या. लोक सभ्य. माणूस एवढी प्रार्थना करतोय तर ती मोडा कशाला, म्हणून कुणी फिरकलं नाही. तिघं आले. त्यातल्या एकाला वाचता येत नव्हतं, दुसरा पत्ता चुकून आला होता आणि तिसरा खुद्द जुळारी, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

जागा आपल्याला मिळाली त्याचा राग धाकट्यानं खिळ्यांतून काढला, असं दादाच्या मनानं घेतलं. “यापेक्षा शत्रू बरा, तो तोंडावर तरी बोलतो,” एवढं म्हणून दादानं जे तोंड मिटलं, ते पुढची सात वर्षं धाकट्यापुरतं उघडलं नाही.

जुळाऱ्याला राग नव्हताच, आळस होता. पण हे सांगणार कुणाला? दुष्टपणावर माणसं चटकन विश्वास ठेवतात, आळसाला साक्षीदार मिळत नाही. आणि दादाशिवाय त्याला रक्ताचं होतं तरी कोण? लहानपणी आंघोळ घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं दादानंच केलेलं. रोज कामावर जाताना त्याच दुकानावरून जायचं आणि काचेआडच्या चष्म्यांनी आपल्याकडे बघायचं, दादानं नाही, हे त्याला खुपायचं.

त्यानं मोठे मोठे बेत केले. भर रस्त्यात पाय धरायचे ठरवलं, तर त्या दिवशी दादा गावाला. मग विद्या कामी आणावी म्हणून माफीचं कार्ड स्वतः जुळवलं. सात वेळा तपासलं. ‘झाल्या प्रकाराबद्दल मी लज्जित आहे,’ असं त्यात लिहायचं होतं. पण ल च्या खणात कुणीतरी स टाकून ठेवला होता, म्हणजे त्यानंच. कार्ड दादाच्या हाती पडलं: ‘झाल्या प्रकाराबद्दल मी सज्जित आहे.’ दादानं ते वहिनीला दाखवून म्हणे एवढंच विचारलं, की हा लढाईला कधी येतोय. बायको जुळाऱ्याला म्हणाली, की यापुढं माफी मागायची तर तोंडानं मागा, तुमच्या हातात शिसं देणं धोक्याचं आहे.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण त्यानं शाळांच्या कित्त्यांसाठी शंभरदा जुळवली असेल. त्याच्या डोक्यात ती कधी शिरली नाही. पुढं जे घडलं तेही त्यानं ठरवून केलं नाही, उगाच श्रेय द्यायला नको.

दादाच्या दुकानाचं शटर जड. दादाचा उजवा खांदा आखडला, तसं ते एका बाजूनं वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूनं रुसायचं. एका सकाळी ते तिरकं अडकलं होतं, खाली दादा वाकलेला, फुटपाथ चिंचोळा. जुळाऱ्याला पुढं जायला वाट नव्हती. त्यानं दुसरं टोक धरलं, वर ढकललं आणि वाट मोकळी झाल्यावर निघून गेला. दादानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा शटर तसंच अडलेलं. पुन्हा टोक धरलं. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं लवकर निघाला. बायकोनं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, ऊन वाढायच्या आत चालावं. ढगाळ होतं.

दोन महिन्यांनी दादाच्या तोंडून “हं” निघालं. जुळारी छापखान्यात मोजतच गेला: एक ह, वर एक अनुस्वार, दोन खिळे. पावसाळा संपता संपता “उचल” आलं, तीन खिळे. दिवसाला एवढीच कमाई, आणि तिच्यावर स्वारी अशी खूश, की मालकाला वाटलं याला लॉटरी लागली. वर्ष उलटल्यावर एकदा जुळाऱ्याचं बोट पत्र्यात सापडता सापडता वाचलं आणि दादा म्हणाला, “सावकाश.” सहा खिळे. एवढ्या वेगानं पानभर मजकूर व्हायला दोघांची आयुष्यं पुरणार नाहीत, असा हिशेब त्यानं बायकोला सांगितला. ती म्हणाली, तुमच्या वेगाला साजेसंच आहे की.

मग एका संध्याकाळी कामावरून परतताना त्यानं पाहिलं, तर दुकानापुढं मिस्त्री शिडीवर. नवी स्प्रिंग बसली, ग्रीस लागलं. मिस्त्री एका बोटानं शटर वरखाली करून दाखवत होता आणि रस्त्यावरची माणसं वाहवा करत होती. दोन वर्षांत दादाशी बोलायला जुळाऱ्याकडे एकच निमित्त होतं, ते मिस्त्रीनं दुरुस्त करून टाकलं.

सकाळी तो घरातच रेंगाळला. जोडे घातले, काढले. मागच्या गल्लीनं जावं, असं ठरवून निघाला आणि पाय सवयीनं पुढच्या रस्त्याला लागले. पायही बापडे त्याचेच, सांगितलेलं ऐकणारे कुठले?

दुकान बंद. दारात एक गिऱ्हाईक घाईला आलेलं. दादा शटरचं एक टोक धरून उभा. आता तर एका बोटाचं काम आहे, उघडा की, असं गिऱ्हाईक म्हणत होतं.

“थांबा जरा,” दादा म्हणाला, “दुसरं टोक यायचंय.”

जुळारी रस्ता ओलांडून आला आणि टोक धरलं. दोन वर्षांच्या सवयीनं दोघांनी असा जोर लावला, की शटर धाडकन वर आदळलं आणि दोघंही भेलकांडत गिऱ्हाइकाच्या अंगावर गेले. दादा हसायला लागला, खांदा धरून. मग बोलायला लागला. काय, तर वहिनीचा गुडघा, मिस्त्रीचा आगाऊपणा, शेजारच्याची मांजर. माफीचं नाव नाही, पत्रिकेचं नाव नाही. सगळं बिनमहत्त्वाचं, आणि जुळारी ते उभ्यानं तासभर ऐकत राहिला. गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं, दोघांनाही कळलं नाही.

छापखान्यात मालक घड्याळ दाखवत उभा होता. जुळाऱ्यानं सांगितलं, दुकान उघडायला गेलो होतो.

“कुणाचं?”

जुळारी अडखळला, जीभ चावली, तरी निघायचं ते निघालंच.

“आमचं.”

मग तो कामाला बसला. त्या दिवशी त्यानं जुळवलेल्या सगळ्या ओळी मालकाला दुसऱ्याकडून पुन्हा जुळवून घ्याव्या लागल्या.