आठच्या आधी आलेलं गिऱ्हाईक

"मग हिवाळ्यात बर्फ काय मी हातांनी उपसायचा?" व्हर्नानं बर्फाचं फावडं विक्रीच्या टेबलावरून उचलून भिंतीला टेकवलं.

"आहे की दुसरं," सून जोलीन म्हणाली.

"त्याचा दांडा मोडलाय. आणि ह्याच्यावर किमतीची पिवळी चिठ्ठी कुणी लावली? पिवळी माझ्या वस्तूंना, हिरवी तुझ्या."

"रसेलनं लावली असेल."

व्हर्नाचा मुलगा रसेल कॉफीचा कप धरून शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे बघत होता. कुत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आयोवातल्या त्या गावात मे महिन्यातल्या एका शनिवारी घरोघरची गॅरेजं उघडतात आणि वर्षभराची अडगळ दारात मांडली जाते. एकतीस वर्षं सगळ्यात जास्त गाड्या व्हर्ना डीट्सच्या दारात थांबत आल्या होत्या. हत्यारं आणि मासेमारीचे गळ रस्त्याकडेला, म्हणजे पुरुष गाडी थांबवतात. कपडे खोक्यात कोंबायचे नाहीत, टांगायचे. दिव्यांपाशी वायर ओढून ठेवायची, म्हणजे लोकांना दिवे लावून बघता येतात. आणि आठच्या आधी कुणाला आत घ्यायचं नाही. जुन्या सामानाचे व्यापारी पहाटेच येऊन चांगलं तेवढं वेचून नेतात.

हे सगळं ती एकटी करायची. नवऱ्याबरोबर तिच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जोलीनला जुन्या वस्तूंची शिसारी होती. यंदा मात्र तीच तीन आठवडे माळ्यावरून खोकी उतरवत होती, वर "तुम्ही बसा, व्हर्ना" म्हणत होती. ह्या 'बसा'नंच व्हर्नाची झोप उडाली होती. लोणच्याच्या बरण्या, मोठं पातेलं, पाहुण्यांची गादी, जिकडे तिकडे पिवळ्या चिठ्ठ्या, आणि अक्षर व्हर्नाचं नव्हतं.

साडेसातला एक माणूस आला. "आठला या," व्हर्नानं सांगितलं. "हो, हो," म्हणत तो तिथंच उभा राहिला. व्यापारीच, असं तिला वाटलं. पण त्याची नजर काचेच्या भांड्यांवर थांबेना, हत्यारांवरही नाही. तो पन्हाळीकडे बघत घरामागे गेला. व्हर्नाही मागोमाग गेली.

"तळघरात पाणी येतं का?" तो रसेलला विचारत होता.

"पुराच्या वर्षीसुद्धा नाही," रसेल म्हणाला, आणि आईला बघून त्यानं कप तोंडाला लावला.

"कशाला आलात तुम्ही?" व्हर्नानं विचारलं.

माणूस ओशाळला. "घर बघायला. आजी वृद्धाश्रमात जायला तयार आहेत, आवराआवर चाललीय, असं सूनबाईंनी फोनवर सांगितलं. दारात हे सगळं मांडलेलं बघून मला ते खरंच वाटलं."

तो गेल्यावर जोलीन म्हणाली, "नुसता किमतीचा अंदाज घेत होतो. तुमच्या गुडघ्यांचाच विचार करून."

"घराच्या कागदावर गुडघे नाहीत, माझी सही आहे."

आठला व्हर्नानं गॅरेजसमोर बांधलेली दोरी सोडली. दुपारपर्यंत ती हसतमुखानं भांडी कागदात गुंडाळून देत राहिली. गावातल्या शाळेत नव्यानं आलेली एक शिक्षिका पातेलं घ्यायला आली होती. तिच्याशी व्हर्ना बराच वेळ बोलत उभी होती.

जेवायला तिघं बसली तेव्हा व्हर्नानं सँडविचचे दोन तुकडे केले.

"जून संपायच्या आत तुम्ही दोघं दुसरी जागा बघा," ती म्हणाली. "वरच्या खोल्या मी शाळेतल्या बाईंना भाड्यानं दिल्यात. एक जुलैला त्या राहायला येतायत."