चढाच्या पलीकडं

हुमनाबादच्या अलीकडं सडकेला एक चढ आहे. आता मोटारीत बसलेल्याला तो जाणवतही नाही. सत्तरच्या दशकात ती सडक रुंद करायचं काम निघालं, तेव्हा त्या चढाच्या माथ्यापासून शंभर-दीडशे पावलांवर आमची टोळी राबत होती. बारा-चौदा बाया, पाच-सहा गडी. अर्धी सडक उकरायची, खडी अंथरायची, डांबर ओतायचं. उरलेल्या अर्ध्या सडकेवरून सोलापूर-हैदराबादच्या लॉऱ्या सुसाट जायच्या. त्यांच्या आणि आमच्या मधे खडीच्या ढिगाशिवाय काही नसायचं.

त्या उन्हाळ्यात पाचव्या महिन्यात माझं पोटातलं मूल पडलं होतं. महिन्याभरानं कामावर आले, तर घमेलं उचललं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. माझी थोरली जाऊ त्याच टोळीत होती. मी तिला अक्का म्हणायची. सासरी आल्यावर मला पहिल्यांदा कोणी पोटाशी धरलं असेल तर तिनं. तिनंच मुकादमाला गळ घातली, "अण्णा, हिच्या हातात झेंडा द्या. वझं उचलायची ताकद न्हाई तिच्यात."

मला लाल फडकं बांधलेली काठी मिळाली. टोळीशेजारी खडीच्या ढिगापाशी उभं राहायचं, लॉरी दिसली की ती हलवायची, एवढंच काम. बाकीच्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस बाई.

त्या दिवशी दोन बाया कामावर आल्या नव्हत्या. दुपार कलली होती. मुकादम तिकडून ओरडला, "खांबावानी उभी ऱ्हाऊन काय करायलीस? हिकडं ये, डांबर थंड व्हायलंय."

"अण्णा, झेंडा?"

"खोच ढिगात. लॉरीवाल्याला डोळे न्हाईत का?"

मी काठी ढिगात खोचली. धूळ खाऊन खाऊन ते फडकं मुरमाच्याच रंगाचं झालं होतं. मी गेले.

माझ्या डोक्यावर तिसरं घमेलं होतं, तेव्हा माथ्यावर लॉरी आली. हैदराबादकडून आलेली, भरलेली, कलतं ऊन थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत. त्याला आम्ही दिसलो तेव्हा तो आमच्या अंगावरच आला होता. ब्रेक किंचाळले. त्यानं चाक कडेला ओढलं आणि लॉरी सडक सोडून मुरमाच्या खड्ड्यात कलंडली. सगळ्या बाया वाचल्या. कडेला वाकून खडी पसरणारी अक्का तेवढी वाचली नाही, म्हणजे जिवानं वाचली. मागचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. ड्रायव्हर जागीच गेला. ते घमेलं मी किती वेळ डोक्यावर धरून उभी होते, मला आठवत नाही.

अक्काला दुसऱ्या एका लॉरीत घालून गुलबर्ग्याला नेलं. तिथं गुडघ्याखालून पाय कापला.

पोलीस आले. "झेंडा कोणाकडं होता?" मुकादमानं माझ्याकडं बोट केलं. "हिच्याकडं, साहेब. जागा सोडून गेली." कोणी बोलावलं म्हणून गेली, ते तो बोलला नाही. बायांनी माना खाली घातल्या. त्यांना दुसऱ्या दिवशीही काम हवं होतं.

घरात अक्काच्या नवऱ्यानं, भावजींनी, माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. नवरा एकदाच बोलला, "तू जायचं न्हवतंस." विहारात वंदनेला बसले तरी ओठ नुसते हलायचे, मनात ब्रेकचा तोच आवाज. पाण्याला गेले की विहिरीच्या काठावर मी कामापेक्षा जास्त वेळ उभी राहायची. एकदा शेजारच्या म्हातारीनं दंडाला धरून मला मागं ओढलं.

काम मात्र चालू होतं. मुकादमानं झेंडा परत माझ्याच हातात दिला होता, त्याच जागी.

आठ-दहा दिवसांनी बसमधून एक म्हातारा उतरला. पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी. ड्रायव्हरचा बाप. त्यानं आधी खड्डा पाहिला, मग विचारत विचारत माझ्यापाशी आला.

"बेटी, त्या रोजी झेंडा तुझ्याकडं होता?"

सगळ्यांचे हात थांबले. मुकादम ऐकत होता.

"व्हय बाबा. पन त्या वक्ताला माझ्या हातात न्हवता. अण्णांनी बोलावलं म्हणून ढिगात खोचून मी डांबर टाकायला गेले."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. आता हा मला मारील असं वाटलं. त्यानं मारावं असंच वाटत होतं.

त्यानं विचारलं, "कुठं उभी ऱ्हातीस?" मी जागा दाखवली. तिथं उभा राहून तो माथ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चल माझ्यासंगं." आम्ही दोघं चढून माथ्यावर गेलो आणि पलीकडच्या अंगाला उतरलो. तो ओठांत पावलं मोजत होता. बऱ्याच अंतरावर थांबून मागं वळला.

"हितून काय दिसायलंय?"

"काईच न्हाई. नुसती सडक."

"मी उमरभर लॉरी चालवली. भरलेली गाडी माथ्यावरून उतराय लागली की तेवढ्या जागेत थांबत न्हाई. तू तिथं उभी असतीस तरी काय झालं नसतं. तू बी गेली असतीस. झेंडा हितं पायजे बेटी, हितं."

मग तो मैलाच्या दगडावर बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. "मीच शिकवलं होतं त्याला. समोर माणूस आला तर गाडी खड्ड्यात घाल म्हणून."

त्याच्या बोलण्यानं माझं ओझं उतरलं नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती बघायला ठेकेदार, साहेब, मुकादम यांतलं कोणी एकदाही माथा ओलांडून चाललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी झेंडा घेऊन थेट पलीकडं जाऊन उभी राहिले. मुकादम धावत आला. "जागेवर चल, न्हाईतर हजेरी मांडनार न्हाई."

"नका मांडू."

तीन दिवस हजेरी नव्हती. लॉरीवाले शिव्या द्यायचे. पण वेग कमी करायचे. चौथ्या दिवशी एक मोटारसायकल आली. पुढं नवरा, मागं लेकरू मांडीवर घेतलेली बायको. मी काठी हलवत सडकेच्या मधोमध गेले. त्यानं वेग उतरवला. माथ्यापलीकडं सुट्या खडीवर गाडी घसरली, डुलली, पण पडली नाही. ती भरधाव आली असती तर काय झालं असतं, ते टोळीतल्या सगळ्या बायांनी पाहिलं. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं घमेलं खाली टाकलं. "दोन्ही अंगाला झेंडे लागल्याबगर आमी हात लावनार न्हाई." एकामागून एक घमेली खाली आली.

सडकेचं काम तपासणारा सरकारी ओव्हरशियर जीपमधून आला. म्हणाला, कागदात तशी तरतूद नाही.

मी म्हणाले, "साहेब, एकडाव माझ्यासंगं चालत या."

तो कंटाळून आला. परत येताना तोही पावलं मोजत होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगांना दोन झेंडेवाल्या उभ्या राहिल्या आणि डांबराची रिकामी पिपं चुना फासून उकरलेल्या अर्ध्या सडकेवर आडवी लागली.

पावसाळ्यापर्यंत त्या टापूत कोणी मेलं नाही. पुढच्या टापूला ठेकेदार दुसरा होता. तिथं ना पिपं गेली, ना मी. ही बाई टोळी फोडती, असं मुकादमानं आधीच सांगून ठेवलं होतं. पोलिसांच्या कागदात काय लिहिलं गेलं, ते मला कधीच कळलं नाही.

अपघातानंतर दीड महिन्यानं अक्का कुबड्यांवर घरी आली. मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. म्हातारा, माथा, पिपं, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"हे मला कामून सांगायलीस? त्यानं पाय येनार हाय का माझा?"

ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "घामानं अंग चिकटायलंय. न्हाणीत ने मला."

मी तिला उचललं. ती लेकरासारखी हलकी झाली होती. मी तिच्या पाठीवर पाणी घालत होते. तिनं माझा खांदा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता; पण माझ्याकडं बघितलं नाही.