पाकिटावरचं एकच नाव

आलोशियस तुस्कानोच्या मानेवर गाठ आली ती १९७९च्या ऑक्टोबरात. तीन आठवडे त्याने ती शर्टाच्या कॉलरखाली झाकून ठेवली. सांगणार तरी कोणाला?

वसईतल्या गासचा हा माणूस बहारीनला एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचा. नऊ वर्षं झाली होती. लग्न राहून गेलेलं, आईबाप देवाघरी. भावाचं पत्र नाताळात यायचं आणि त्यातही अर्धी यादी घड्याळांची नि अत्तरांची. गुदैबिया वस्तीतल्या खोलीत तिघे जण होते, पण पाळ्या अशा उलटसुलट की एकाने उठावं आणि दुसऱ्याने आडवं व्हावं. आलोशियस मुळातच लाजाळू. या नोकरीने त्याला पुरता मुका करून टाकला होता.

शेवटी दवाखान्यात जाऊन त्याने ती तपासून घेतली. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरने कागद वाचला, गाठ पुन्हा दाबून पाहिली आणि म्हणाला, "मफी कॅन्सर. खलास. घर जाओ."

मफी म्हणजे नाही, एवढं अरबी आलोशियसला येत होतं: कॅन्सर नाही, विषय संपला. कोपऱ्यावर अलीमियाँच्या हॉटेलात त्याने चहा घेतला. अलीमियाँने रोजच्यासारखं विचारलं, "सब ठीक?" आणि हाही रोजच्यासारखा म्हणाला, "सब ठीक." एवढ्यावर भागलं. कपाळकरंट्याला तिथे दोन शब्द जास्त बोलायला काय झालं होतं, देव जाणे!

पण देवाचे उपकार विसरणाऱ्यातला तो नव्हता. अर्धा पगार चर्चला द्यायचा, हे त्याने चहा संपायच्या आत ठरवलं. गासला कोणी दुखण्यातून उठलं की उपकाराच्या मिस्सेसाठी, म्हणजे आभाराच्या प्रार्थनेसाठी, पाकीट देतं, वर आपलं नाव लिहितं. फादर ते नाव वेदीवरून वाचतात, आणि मिस्सा सुटल्यावर सगळं गाव भोवती जमतं: काय झालं होतं रे, आता बरं आहे ना? खोटं कशाला बोला, देवाचे आभार मानायचे होतेच, पण आलोशियसला ते विचारणंही हवं होतं.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या दाराशी टेबलावर पाकिटं ठेवलेली दिसली. लोक नावं लिहून पेटीत टाकत होते. छापील इंग्रजी त्याला फारसं वाचता येत नव्हतं, पण 'नेम' कळलं. खाली नावांसाठी आठ ओळी होत्या. त्याने पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. आईबापाचीही लिहावीत असं मनात आलं. पण ते तर गेलेले, उपकाराच्या पाकिटावर त्यांची नावं कशी घालणार? सात ओळी कोऱ्या सोडून त्याने पाकीट टाकलं.

पुढच्या शुक्रवारी तो धुतलेला शर्ट घालून मधल्या बाकावर बसला. नावं वाचली जाऊ लागली. "आलोशियस तुस्कानो." त्याची मान ताठ झाली. आता कोणीतरी वळून बघेल! कोणी वळलं नाही. नावं संपली आणि सगळे एका सुरात प्रार्थना म्हणू लागले. ती इंग्रजीत असली तरी त्याने ओळखली. मृतांना चिरशांती मिळो, ही. नोव्हेंबर महिना मृतांचा. गासला त्यांची नावं तोंडी सांगत, इथे ती यंदापासून पाकिटावर लिहून घेत होते.

त्याला आधी हसू आलं. मग आजूबाजूचे शांत चेहरे पाहून ते जिरलं. नऊ वर्षं तो इथे येत होता, आणि तो मेल्याचं ऐकून एकही माणूस दचकलं नव्हतं.

मिस्सेनंतर चूक सुधारायला तो ऑफिसात गेला. पाकिटांचं काम मॅगी बघायची. वसईचीच, हॉस्पिटलात नर्स.

"मॅगीबाई, ते आलोशियस तुस्कानोचं पाकीट..."

"तुम्ही दिलंत ते?" ती खुर्चीतून उठलीच. "बसा ना, भाऊ. एवढे पैसे आणि नाव एकच! मी रोज रात्री त्यांच्यासाठी वेगळी रोझरी म्हणते, अख्खी जपमाळ. म्हटलं, मागे एवढी माया करणारं माणूस आहे, नशीबवान असणार. कोण लागायचे तुमचे?"

खरं सांगायला आलोशियसने तोंड उघडलं. रोज रात्री. वेगळी रोझरी.

"ओळखीचा होता," तो म्हणाला.

"फार त्रास झाला का त्यांना?"

"नाही. एकटाच होता, तेवढंच."

मॅगीचे डोळे भरून आले. तिने त्याला पाणी दिलं, आणि तो ते सावकाश पीत बसून राहिला.

महिनाभर दर शुक्रवारी त्याचं नाव वाचलं गेलं, आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. डिसेंबर उजाडला. पहिल्या शुक्रवारी त्याने सवयीने कान टवकारले. पण मृतांची यादी संपली होती, फादर सरळ पुढच्या प्रार्थनेकडे वळले. त्या दिवशी मात्र आलोशियसला वाटलं, आता आपण खरंच गेलो.